मधून जाऊ नका

दादा : उतर आधी खाली. गुरुवारी आपल्याला एकालाच उचलून न्यायचंय, तू पडलीस तर दोघं होतील.

धाकटी : शिडी धर, म्हणजे नाही पडणार. अशी नाही, दोन्ही हातांनी.

दादा : अगं, चुन्याचे पोपडे पडतायत अप्पांच्या अंगावर!

अप्पा : पडू देत रे. दिवसभर पलंगावर पडून असतो मी. माझ्यावरही काहीतरी पडलं तर तेवढाच बदल.

दादा : लाडावून ठेवलंय तुम्ही हिला. मी इथे सामान बांधायला आलोय आणि ही छत खरवडत बसलीय. जे घर सोडायचं, त्याचं छत कोणी खरवडतं का?

धाकटी : जिला सोडायचं नाही, ती खरवडते.

दादा : हे बघ, पुन्हा तेच सुरू करू नकोस. ठरलंय आपलं. गुरुवारी सकाळी ॲम्ब्युलन्सवाले येतायत, चार माणसं, पट्ट्यांचं स्ट्रेचर. माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे. रोज संध्याकाळी मी स्वतः यांना चाकाच्या खुर्चीतून खाली नेणार.

अप्पा : पाहिली आहे मी ती बाग. बाकांवर माझ्याच वयाची मंडळी बसलेली असतात आणि एकमेकांना औषधांची नावं सांगतात. मी रंग विकणारा दुकानदार माणूस आहे, बाळा. मला समोर गिऱ्हाईक लागतं. कोणीतरी यावं, हा निळा नको, तो दाखवा म्हणावं, मग मी तिसराच विकावा.

दादा : दुकान बंद आहे अप्पा. तुमचं खुब्याचं हाड मोडल्यापासून बंद आहे.

अप्पा : मी वर आहे म्हणून बंद आहे. खाली गेलो की उघडेल.

दादा : खाली कसे जाणार? तो जिना! कुठल्या पूर्वजाच्या डोक्यातून निघाला तो देव जाणे. एका माणसाला जायचं तर खांदे तिरके करावे लागतात.

अप्पा : पूर्वजांना दोष देऊ नकोस. रस्त्याला तोंड लहान आणि मागे पोट मोठं, व्यापाऱ्याचं घर असंच असतं. खाली दुकान, मधे आपण, वर कोठार. जिन्यात जागा घालवली असती तर माल कुठे ठेवला असता?

दादा : तुम्हाला सगळं गमतीचं वाटतं. त्या दिवशी तुम्हाला खाली नेताना वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा मागून मी धरली होती. पुढच्या माणसाचा पाय सरकला. तुम्ही हसत होता आणि माझे हात लटलट कापत होते. अजून झोपेत दचकून उठतो मी. भीती वाटते मला, अप्पा. सरळ सांगतो, भीती वाटते.

अप्पा : तू घाबरला होतास म्हणून तर हसत होतो. दोघंही घाबरलो असतो तर खुर्ची कोणी धरली असती?

धाकटी : दादा, तुझी भीती खरी आहे. म्हणूनच तर मी लिफ्टचा नकाशा काढला होता.

दादा : आणि जुनी घरं जपणाऱ्या तुझ्या त्या वारसा समितीने तो तुझ्याच हातात परत दिला. लिफ्टसाठी मोठी तुळई कापावी लागेल आणि तुळईला हात लावायचा नाही! मला एवढंच सांग, लाकूड मोठं की बाप मोठा?

धाकटी : समितीचं बरोबर होतं.

दादा : काय?

धाकटी : जिन्याच्या बाजूने लिफ्ट वर नेली तर तुळई कापावी लागते आणि ती कापली की पुढची भिंत सुटते. आपल्याच लिफ्टने आपलंच घर पाडलं असतं. माझी जागाच चुकली होती. आता बरोबर जागा सापडलीय.

दादा : कुठे?

धाकटी : तू जिच्याखाली उभा आहेस, त्या शिडीच्या वर बघ. काय दिसतं?

दादा : ओल. आणखी काय दिसणार? हा डाग मी शाळेत असल्यापासून बघतोय. दर वर्षी चुना मारायचा, दर वर्षी हा वर यायचा. नातेवाइकासारखा आहे, कितीही पाठ फिरवा, येणारच.

धाकटी : ओल सरळ रेषेत येते का रे?

दादा : म्हणजे?

धाकटी : नीट बघ. ही एक रेषा, इथे काटकोन, ही दुसरी, ही तिसरी. ओल पसरते तर कशीही पसरते. ही पट्टीने आखल्यासारखी आहे. आणि वर छप्पर गळत असतं तर कोठारात पाणी दिसलं असतं. कोठार कोरडं ठणठणीत आहे. आता हे घे, मी खरवडलेलं. बोटाने चोळ.

दादा : निळं आहे.

अप्पा : दाखव. इकडे आण, माझ्या नाकाशी. हं. हा आपला जुना माल. माझ्या आजोबांच्या काळातला गर्द निळा. पोत्यांतून येत असे, भुकटी. पोतं नुसतं हलवलं तरी फटीफटीत जाऊन बसायची. आजीचे पांढरे केससुद्धा कानामागे निळे असायचे.

धाकटी : वर कोठाराच्या जमिनीत चौकोनी फट आहे. भुकटी त्या फटीत साठलीय. आपण खालून ओला चुना मारतो, ती भिजते आणि उतरते. मग आपण म्हणतो, ओल आली, मारा चुना.

दादा : म्हणजे इतकी वर्षं आपण डाग पुसत नव्हतो...

धाकटी : आपणच काढत होतो.

अप्पा : शाबास. आणि रंगाऱ्याला दर वर्षी मीच सांगायचो, दोन हात जास्त मार म्हणून.

दादा : बरं, फट आहे. जुन्या घरात फटी असतातच. तिचा लिफ्टशी काय संबंध?

धाकटी : सांगते. आधी मला सांग, तू मघाशी दारातून माझ्या शिडीपर्यंत कसा आलास?

दादा : चालत आलो. उडत कसा येणार?

धाकटी : कुठून चालत?

दादा : दारातून... कपाटाकडून... खिडकीच्या कडेने... हं.

धाकटी : शिडी खोलीच्या मधोमध आहे. दारासमोर. सरळ चार पावलांत आला असतास. तू सगळ्या खोलीला प्रदक्षिणा घालून आलास. आणि आताही एक पाय गालिच्याच्या बाहेर ठेवून, अंग वाकवून शिडी धरून उभा आहेस.

दादा : सवय आहे. लहानपणी मधून गेलं की ओरडा बसायचा ना.

अप्पा : तुम्हाला नुसता ओरडा. मला आजोबांची काठी बसलेली आहे, पोटरीवर. "मधून जाऊ नका! कडेकडेने जाल तर म्हातारे व्हाल." मी तुम्हाला तेच सांगितलं. कडेने गेलो आणि बघा, झालो की म्हातारा.

दादा : पण का जायचं नाही, ते सांगितलं होतं का त्यांनी?

अप्पा : काठी हातात असलेल्या माणसाला कारण कोण विचारतं? मला वाटायचं, गालिचा झिजू नये म्हणून असेल. गालिचा माझ्या आईने घातला, कडेने खिळे ठोकून. तोवर घाऊक धंदा बंद झाला होता, कोठार रिकामं होतं, मी रांगत होतो.

धाकटी : आता गंमत ऐक. मी या घराची मापं घेतली तेव्हा प्रत्येक खोली मोजली. समितीच्या लोकांनी कौतुक केलं, किती बारकाईने काम केलंय म्हणून. आणि मी टेप कशी धरली असेल?

दादा : नको सांगूस.

धाकटी : भिंतीभिंतीने! स्वतः जुन्या इमारतींची आर्किटेक्ट, लोकांच्या घरांत जाऊन जमिनी ठोकून बघते आणि आपल्या घरात मात्र मधे पाऊलच टाकलं नाही. परकं कोणी मापायला आलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दादा : काय कळलं असतं?

धाकटी : काल वहिनी आली होती ना, अप्पांची ट्रंक भरायला?

दादा : आली होती. तिने कुठे काय केलं?

धाकटी : ट्रंक सरळ मधून ओढत नेली. ती काही या घरात वाढलेली नाही, तिच्या पोटरीला कोणाची काठी माहीत नाही. आणि ट्रंक मधे आली तशी जमीन वाजली. पोकळ. ढोलासारखी.

अप्पा : मी ऐकलं. मला वाटलं, सूनबाई चिडून ट्रंक आपटतेय.

दादा : थोडी चिडलेलीच होती.

धाकटी : म्हणून सकाळी आल्याआल्या मी कोठारात गेले. तिथेही मधोमध तसाच चौकोन. आणि त्याच्या बरोबर वर, छपराखाली, आडव्या लाकडावर दोराचे चर पडलेत. माझी अख्खी करंगळी आत जाते इतके खोल. दादा, या घरात माल आतून चढत होता. दुकानातून या खोलीत, इथून वर कोठारात. एका सरळ दोरावर.

दादा : अगं पण माल बाहेरून चढायचा! रस्त्यावर तो आडवा वासा बाहेर आलाय, त्याला कप्पी लटकलीय. पाहुण्यांना गाव दाखवणारे लोक रोज त्याखाली माणसं उभी करतात आणि सांगतात, इथून पोती वर जायची.

अप्पा : मीही खिडकीतून हात हलवून सांगायचो. पाहुण्यांना आवडायचं.

धाकटी : खिडकीतून वाकून बघितली मी ती कप्पी. चाक नव्या नवरीसारखं कोरं आहे. एक चरा नाही. तिच्यावरून पोतं सोडा, ओला टॉवेलसुद्धा कधी वर गेलेला नाही.

दादा : मग लावली कशाला?

अप्पा : शेजाऱ्यांकडे होती ना! दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांच्या घरांना कप्प्या आणि मधे आपलं घर बोडकं? आपल्या पणजोबांना ते कसं सहन होणार! पण रंगाची भुकटी उघड्यावरून कोण नेईल? एक सर आली की अख्खा रस्ता निळा. वा, पणजोबा! बाहेर थाट आणि आत अक्कल. खरा व्यापारी.

दादा : थांबा, थांबा. म्हणजे या गालिच्याखाली...

धाकटी : झाकण आहे. खिळे मी सकाळीच काढलेत. मला शिडी बाजूला घेऊ दे. तू तिकडचं टोक धर आणि गुंडाळत ये.

दादा : मधून?

धाकटी : मधून. ये ना. काठीवाले आजोबा गेले कधीच.

दादा : पाय उचलत नाहीये गं. हसू नकोस! खरंच सांगतो, पोटऱ्या जड झाल्यात.

अप्पा : माझ्याही झाल्यात, इथे झोपल्याझोपल्या.

धाकटी : झाकणावर नको, कडेला उभा राहा. हं, आता बघ. ही लोखंडी कडी, लाकडात बसवलेली, वरून मेण भरलंय. आणि हे चारही बाजूंचं लाकूड बघ. छोट्या तुळया इथवर येऊन थांबतात आणि आडव्या लाकडात बसतात. कापलेल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून अशाच बांधलेल्या आहेत. सुताराने भोक सोडून जमीन बांधलीय.

दादा : आणि मोठी तुळई?

धाकटी : तिकडे, भिंतीशी. इथून हात लांबवला तरी पोचणार नाही. समितीने लिहून दिलंय की मूळ लाकूड कापायचं नाही. मी एक ढलपीसुद्धा काढत नाही. लिफ्ट दुकानापासून या खोलीपर्यंत, स्वतःच्या खांबांवर उभी, खाली खड्डा नाही, घरावर भार नाही. उद्या कोणाला नको झाली तर उचलून न्या, घर जसंच्या तसं. समितीच्या बाईंना मी फोन केलाय, संध्याकाळी येतायत बघायला. त्या नाही म्हणणार नाहीत.

दादा : एवढी खात्री?

धाकटी : एवढी. फोनवरच त्यांनी विचारलं, झाकण उघडताना मी येईपर्यंत थांबाल का?

दादा : मग थांबायचं का?

अप्पा : मी थांबणार नाही. सांगून ठेवतो. त्यांच्यासमोर पुन्हा उघडा.

दादा : अप्पांची चाकाची खुर्ची मावेल यातून?

धाकटी : खुर्ची मावेल आणि शेजारी धरायला तूही मावशील. मापलंय. या वेळी मधून मापलंय.

दादा : वजन?

धाकटी : लिफ्टचं वजन लिफ्ट बघेल. पण तुझ्या समाधानासाठी सांगते, इथून भरलेली पोती जात होती. अप्पा म्हणजे...

अप्पा : मी पोतं नाही हं!

धाकटी : नाही, अर्धंच आहात. जेवत नाही तुम्ही.

दादा : चल, धर ती कडी. मी पहार घालतो फटीत. एक, दोन... जोर लाव... अजून...

(झाकण उघडतं. खालून थंड वास वर येतो, लाकडाचा आणि रंगाचा.)

दादा : बाप रे.

धाकटी : कडेला हो. आणखी. खाली अंधार आहे, पण ते बघ, काउंटरची कड.

दादा : दुकानाच्या छतावरची ती चौकोनी नक्षी! मधे फूल कोरलेलं. ती या झाकणाची खालची बाजू होती? मी लहानपणी काउंटरवर आडवा पडून त्या फुलाच्या पाकळ्या मोजायचो.

धाकटी : आणि काउंटर एका बाजूला, मधली जागा मोकळी. गिऱ्हाइकं विचारायची ना, एवढी जागा वाया का घालवता?

अप्पा : मी सांगायचो, तुम्हाला ऐसपैस वाटावं म्हणून. अरे, कोणी मलाही दाखवा! घर माझं, झाकण माझं आणि बघताय तुम्ही.

दादा : पलंग सरकवायचा नाही. भोकाजवळ अजिबात नाही.

अप्पा : नका सरकवू. धाकटे, कपाटाच्या दारामागे तुझ्या आईचा आरसा आहे. लांब दांड्याचा. तो तिरका धर भोकावर. दुकानात मी तसाच बघायचो, मागच्या फळीवर कोणी काय खिशात घालतंय ते.

धाकटी : हा घ्या, दांडा तुम्हीच धरा. असा?

अप्पा : जरा इकडे. अजून. अंधार आहे नुसता. दुकानाचं दार उघडायला हवं.

दादा : मी जातो. किल्ली माझ्याकडे आहे. आज हॉटेलवाल्याला दाखवायची होती जागा, म्हणून घेऊन आलो होतो.

अप्पा : कुठला हॉटेलवाला?

दादा : सांगणार होतो मी. तुम्ही फ्लॅटवर रुळलात की मग. तो म्हणाला, पुढचा भाग तसाच ठेवतो, मागे खोल्या काढतो. घर रिकामं राहिलं असतं तर मोडलं असतं, अप्पा. मला ते बघवलं नसतं. रागावलात?

अप्पा : नाही. घर रिकामं ठेवू नये, हे बरोबरच आहे तुझं. पण मी जिवंत असताना ते रिकामं कसं होईल, एवढाच हिशोब चुकला. जा, दार उघड.

धाकटी : जिन्यात सांभाळून.

अप्पा : गेला?

धाकटी : गेला. पावलं ऐकू येतायत.

अप्पा : वळणावर थांबला बघ. रोज तिथे थांबतो तो, खुर्ची अडकली तिथे. मला वरून कळतं. वाईट वाटतं गं मला त्याचं. त्याला वाटतं, मला खाली पाडणारा तो आणि वर अडकवणाराही तोच.

धाकटी : तुम्ही सांगा ना त्याला.

अप्पा : काय सांगू? तो मला उचलत होता, तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. त्यांना मी असंच धरलं होतं आणि माझेही हात असेच कापत होते. असं काही तोंडावर सांगता येतं का?

दादा : येतं, अप्पा. खाली ऐकू येतंय सगळं. भोक उघडं आहे.

अप्पा : हात्तिच्या! आता या घरात गुपित म्हणून राहायचं नाही.

धाकटी : दार उघडलंस का, दादा?

दादा : कुलूप गंजलंय. हां... निघालं. फळ्या ढकलतो. डोळे मिटा, धूळ उडेल!

अप्पा : आला. उजेड आला. आरसा हलवू नकोस, धाकटे.

धाकटी : मी नाही, तुम्हीच हलवताय. तुम्हीच धरलाय आरसा.

अप्पा : असू दे. ते बघ काउंटर. माझी खुर्ची. खुर्चीवरची उशी अजून बसल्यासारखी दबलेली आहे. रंगांच्या बरण्या, पिवळा, तांबडा, तो हिरवा खपलाच नाही कधी. रस्ता दिसतोय थोडा. कोणाची तरी सायकल गेली. धाकटे, दिसतंय गं मला सगळं.

धाकटी : रडताय?

अप्पा : मग काय करू? हसणं त्या दिवशी जिन्यात संपलं.

दादा : अप्पा! ऐकताय का? माझ्या अटी आहेत.

अप्पा : बोल, सौदा करू.

दादा : लिफ्ट बसेपर्यंत हे झाकण माझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही. भोकाला कठडा आधी, बाकी सगळं मग.

धाकटी : कबूल. कठडा माझ्या नकाशात आहेच.

दादा : आणि लिफ्ट बसेपर्यंत मी रात्री इथे झोपायला येणार. तुमच्या खोलीत, दाराशी.

अप्पा : घोरतोस तू. पण चालेल. सूनबाई काय म्हणेल?

दादा : ती म्हणेल, ट्रंक मी ओढली म्हणून सापडलं. जन्मभर ऐकवेल.

अप्पा : ऐकवू दे, तिचा हक्क आहे. आणि तिला सांग, या घरात यापुढे कोणीही मधून चालावं. लिफ्टचा कठडा सोडून.

दादा : आणि ॲम्ब्युलन्सवाले?

अप्पा : त्यांना सांग, गिऱ्हाईक घरीच टिकलं. गरज पडली तर पुढच्या वेळी बोलावू.

दादा : हॉटेलवाल्याला काय सांगू? पाच मिनिटांत येईल तो.

अप्पा : सांग, जागा भरलेली आहे. मालक स्वतः बसणार आहेत. आणि त्याला काही रंग वगैरे हवा असेल तर विचार, तो हिरवा देऊन टाक.

धाकटी : दादा, कुठे आहेस तू? आरशात दिसत नाहीस.

दादा : इथे. हा काय, बरोबर खाली. मधोमध उभा आहे मी, बघ! आयुष्यात पहिल्यांदा. अप्पा, दिसतोय का मी?

अप्पा : दिसतोस. वर बघ जरा. हं. केस पांढरे झाले रे तुझे, मला माहीतच नव्हतं. आता कडेला हो, बाळा. मधून जायचं नाही. वरून मी येणार आहे.